काट्याजवळचे

आई गेल्यावर सिंदीचं घर रिकामं करायला गेले तेव्हा बाबांचा फोटो मी सगळ्यात शेवटी काढला. खाट, डबे, आईचा पाटा, सगळं टेम्पोत चढलं आणि भिंतीवर ते एकटे राहिले. निळा कोट, लाल टाय, गालांवर गुलाबी रंग, आणि मागे हिरवागार डोंगर. सिंदीला डोंगर नाही. बाबांकडे कोट तर नव्हताच. पण मी त्यांना जन्मभर त्याच कपड्यात पाहिलं. कॉलेजात कोटातले साहेब लोक यायचे तेव्हा बाकीच्या मुली बिचकायच्या. मी नाही बिचकले कधी. कोट आमच्या घरी रोजचा होता.

फोटो काढला तर भिंतीवर मागे पांढरा चौकोन उरला. बाकी भिंत चुलीच्या धुरानं पिवळी झालेली. त्या चौकोनाकडे बघत मी थोडा वेळ उभी राहिले. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

मी रांगत होते तेव्हा बाबा गेले. कशानं, ते विचारायची आमच्या घरी पद्धत नव्हती. मला त्यांचा आवाज आठवत नाही, मांडी आठवत नाही. आहे तो हा चेहरा. समोरच्या काकू त्याच्याकडे बोट करून म्हणायच्या, "पोट्टीचं नाक पाह्य वो, जसंच्या तसं बापाचं!" मग मी आरशात जाऊन नाक बघून यायची. सावळी पोर मी, दिसायला बेताची, पण नाकाचा मला अभिमान होता.

शाळेचा निकाल लागला की आई म्हणायची, "बाबाले दाखव." मी स्टुलावर चढायची आणि कागद काचेसमोर धरायची. नीट सरळ, त्यांना वाचता यावा असा. बाहेर उन्हाळा लागलेला असायचा, अंगणात कुरड्या वाळत असायच्या, आणि त्या अर्ध्या अंधाऱ्या खोलीत मी त्यांना एकेका विषयाचे मार्क वाचून दाखवायची. गणितात कमी पडले तर गणित शेवटी वाचायची. ते काही बोलायचे नाहीत, पण गणितापाशी जरा जास्त वेळ बघतात असं मला वाटायचं. पुढे पॅसेंजरनं वर्ध्याला कॉलेजात जाऊ लागले तेव्हाही निघताना त्यांच्या पाया पडायची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पहिली बी. ए. मी. हे मी लाजून सांगत नाही. पदवीचा कागद आला तेव्हा स्टूल लागलं नाही. माझे डोळे त्यांच्या डोळ्यांना लागत होते.

अक्षय तृतीयेला आई मातीची घागर भरायची. रस, कुरड्या, वडे, पहिला घास पितरांचा. फोटोला हार घालायची, काच पदरानं पुसायची. पण पुसताना ती फोटोकडे बघत नसे. दाराकडे, नाहीतर खाली बघे. मला वाटायचं, दुःख होत असेल.

माझ्या लहानपणी सिंदीला हंगामाचा एक वास होता. दिवाळीच्या आगेमागे कापसाच्या बैलबंड्या यायला लागल्या की तो सुरू व्हायचा. सरकीचा तेलकट वास, बैलांच्या शेणाचा, वंगणाचा, आणि थंडीत पेटवलेल्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या झाडांच्या, धुराचा. जिनचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा वाजला की आई भाकरी थापायला बसायची. बाबा गेले त्याला कैक वर्षं झाली होती, तरी भोंग्यावरच. हवेत रुई उडायची. केसांत, पापण्यांवर, वाळत घातलेल्या धुण्यावर. शाळेतून येताना आम्ही पोरी जिनच्या फाटकापाशी थांबायचो. आत तो वजनाचा मोठा लोखंडी काटा दिसायचा, जाड साखळ्यांचा. बाबा त्या काट्यावर होते, एवढं मला माहीत होतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी काट्याची पूजा व्हायची. काट्याला हार, गुलाल, नारळ फुटायचा आणि पहिली बंडी आणणाऱ्या शेतकऱ्याला टोपी-शेला मिळायचा. आम्हाला खोबरं मिळायचं. ते खाताना मी काट्याकडे बघायची आणि तिथे निळा कोट घातलेला माणूस कापूस मोजतोय असं डोळ्यांपुढे आणायची. कोटावर रुई बसलेली.

आता तिथे प्लॉट पडलेत. वास कसलाच नाही.

वर्ध्याला घरी आणल्यावर पाहिलं तर फ्रेमच्या पाठीला वाळवी लागली होती. मी एकटीच असते. हे गेल्यापासून आणि मुलगी पुण्याला गेल्यापासून असली कामं दुपारी काढते, वेळ जातो. पाठीचा पुठ्ठा काढला. पुठ्ठ्याच्या आत, मोठ्या फोटोच्या मागे, एक छोटा काळा-पांढरा फोटो होता. जिनमधला. काट्याच्या पूजेच्या दिवशीचा असणार, काट्याला हार होता. दहा-बारा माणसं ओळीनं उभी. काट्याजवळ, टोपी घातलेले, साध्या सदऱ्यातले बाबा! तोच चेहरा, तीच मिशी, तेच नाक. कोट नाही, टाय नाही, डोंगर नाही. मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा मी त्यांना कामावर पाहिलं.

आईच्या पेटीतूनही फोटोंची एक थैली निघाली होती. लग्नांतले, जत्रेतले, कुणाचं जावळ, कुणाची म्हैस. सगळे पलंगावर मांडले आणि बघत बसले. एवढी शिकलेली मी, पण पलंगभर माणसांत मला दोघं-तिघं सोडून कोणी ओळखू येईना. आई होती तेव्हा विचारलं नाही. ओळखणारं आता एकच माणूस उरलं होतं, वडनेरची आत्या, बाबांची सख्खी बहीण. आणि तिचे डोळे चाललेत असं फोनवर कळत होतं. बाबांच्या शेजारी कोण उभं होतं, ते कोणाशी बोलत असतील, कोणाच्या डब्यातली चटणी खात असतील, हे सांगू शकणारी ती शेवटची. मी दुसऱ्याच दिवशी हिंगणघाटवरून वडनेर गाठलं.

आत्या ओसरीत खाटेवर बसली होती. "कोन होय? उजेडात ये पह्यले."

"मी वो आत्या, वर्ध्याची."

"वर्ध्याच्या तं लय हायेत." मग तिनं माझा हात चाचपला. "तू होय! बारीक झाली काऊन?"

आतून ज्योतीवहिनी, आत्याची सून, चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "बारीक कुठी झाल्या त्या? आईले आता सगळेच बारीक दिसतात. काल सरपंच आले तं त्याले म्हने, शायेत नाई गेला का रे आज?"

"थो दिसतेच तसा," आत्या म्हणाली. "मी काय करू?"

फोटो दाखवायला लागले. आत्या एकेक फोटो नाकापाशी नेई, जसा काही वास घेतेय. आणि फटाफट सांगे. "हे सीता. माह्या लग्नात हिनं माह्या चपला लपवल्या, मी अनवानी सासरी आली. आन हा, थिचा भाऊ, पंगतीतून जिलबी खिशात घालून नेली. खिसा पाह्य, चिकट दिसन."

"आणि हा म्हातारा कोण?"

"म्हातारा कायचा? थो माहा सासरा. थो बुडाच जन्मला होता."

वहिनी चहाच्या भांड्यापाशी खुदकन हसली. "अजून सोडत नाईत त्यायले."

"डोळे गेलेत म्हणतेस आणि एवढं कसं ओळखतेस गं?" मी विचारलं.

"तोंड कोन पाह्यते? मानूस उभं कसं राह्यते थे पाह्यतो मी."

मग मी जिनचा फोटो दिला. तो तिनं नाकापाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

"हे कुठी सापडलं तुले?"

"बाबांच्या फ्रेमच्या मागे होतं. आत्या, बाबा तर मी ओळखले, हे काट्याजवळचे. बाकीचे कोण कोण ते सांग." मी बोट ठेवलं.

"हे नोहे," आत्या म्हणाली.

मला वाटलं तिला दिसलं नाही. मी मोबाईल काढला, त्यात भिंतीवरच्या फोटोचा फोटो होता, तो मोठा करून तिच्यापुढे धरला. थोडं चिडूनच बोलले. म्हटलं, "आत्या, माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, अर्जावरचा फोटो आणि समोरचं माणूस एकच आहे का हे बघण्यात. चेहऱ्यात माझी चूक होत नाही. हा आणि हा एकच आहे."

"एकच हाय. मी कुठी नाई म्हनते? भिंतीवर बी हाच हाय." तिनं मोबाईल हातानं बाजूला केला. "पन हा माहा भाऊ नोहे."

वहिनी चहा गाळायची थांबली.

आत्याचं बोट फोटोवर जरासं सरकलं. काट्याच्या दुसऱ्या बाजूला. तिथे एक माणूस होता. पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा, एक हात साखळीवर. मी त्याला आधी पाहिलंच नव्हतं, कारण त्याला चेहरा नव्हता. फोटो निघताना त्यानं मान वळवली होती. चेहऱ्याच्या जागी ओल्या बोटानं पुसल्यासारखं पांढुरकं काहीतरी, आणि एक कान. कान स्पष्ट होता.

"हा माहा महादेव," आत्या म्हणाली. "एका पायावर भार देऊन उभा राहे. पाह्य."

मी चहाचा कप हातात घेतला आणि खाली ठेवला. मग तिनं सांगितलं, अगदी सहज, कालची गोष्ट सांगावी तसं.

बाबा गेल्यावर सायकलवरून एक फोटोवाला यायचा. लहान फोटो न्यायचा आणि मोठा, रंगीत करून, फ्रेम लावून आणून द्यायचा. घरात बाबांचा हा एकच फोटो. फोटोवाल्यानं विचारलं, यातला कोणता माणूस करायचा? घरात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. आई दाराआडून बोलत होती.

"नवऱ्याचं नाव कसं घेईन थे? म्हने, काट्याजोळचे. फोटोवाल्यानं पाह्यलं, काट्याजोळ दोघं. एकाचं तोंड दिसते, एकाचं नाई. थ्यानं दिसते थे नेलं. कोट घालून आनला."

"आणि आला तेव्हा कोणी ओळखलं नाही?"

"आमच्या बुड्याच्या डोयात मोतीबिंदू." बुडा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. "थ्यानं फ्रेम मांडीवर घेतली. रंगानं तोंड गुलाबी, आंगात कोट. म्हने, माहा महादेव सायबावानी दिसते. रडला लय. मंग बगलेत मारून गावभर दाखवून आला. आता कोन सांगन थ्याले, का बावा, हा दुसऱ्याचा महादेव होय म्हनून?" ती हसली, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. "म्या तुह्या मायले चुलीजोळ इचारलं. थे म्हने, बाई, राहू द्या. बुडा हाय तोवर राहू द्या."

"पण आजोबा तर लवकरच गेले. मग का नाही काढला?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिला मी किती दिसत होते कोण जाणे.

"तवरक तू बोलाले लागलती थ्याच्यासंग."

ओसरीवरचं ऊन सरकत खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. वहिनी मुद्दामच आत गेली, भांड्यांचा आवाज करत राहिली. मी विचारलं, मग भिंतीवरचा तो कोण? आत्याला नाव आठवेना. हंगामापुरता यायचा, तिकडचा, छिंदवाड्याकडचा म्हणत. हंगाम झाला की जायचा. एका वर्षी आलाच नाही.

"आणि बाबांनी मान का वळवली असेल गं? ऐन फोटोच्या वेळेला?"

"कोनी हाक मारली असन. थ्याले हाक मारली का थो पाहेच. हातातलं काम सोडून पाहे. कोनी बी मारो, लेकरू मारो का भिकारी." ती फोटो परत देईना, हातातच धरून होती. "तसा होता थो."

निघताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. बोटं नाकावर थांबली. "हे आमचं नोहे," म्हणाली. "हे तुह्या मायचं नाक होय. येजो वो. लवकर येजो."

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, कापूस फुटलेला होता. आईवर राग येत होता. घरी गेले की तिला विचारते, सरळ विचारते, असं मनात घोळवत होते. हिंगणघाटच्या स्टँडवर बस थांबली, शेंगदाणेवाला चढला, आणि तेव्हा लक्षात आलं की आई नाही. रागही मग कुठे ठेवावा कळेना. ती मला 'बाबाले दाखव' म्हणायची तेव्हा स्वतः चुलीकडे वळायची, हे आठवलं. स्टुलावर उभी असलेली मी आणि पाठमोरी ती. कितीतरी उन्हाळे ती तशी पाठमोरी उभी होती, आणि मला वाटायचं, भाजी लागेल म्हणून बघतेय.

रात्री मुलीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. तिनं जिनचा फोटो मोबाईलवर मागवून घेतला. "आई, अगं सोपं आहे. आता ब्लर फोटो क्लिअर करून मिळतो," म्हणाली. थोड्या वेळानं मोबाईलवर एक चेहरा आला. तरणाबांड, रेखीव, डोळ्यांत चमक. मी चष्मा पुसून बघितलं. क्षणभर वाटलं, हेच बाबा, खोटं कशाला बोलू. मग दुसरा आला. हा निराळाच माणूस, गोल तोंडाचा. मग तिसरा, तो हसत होता, आणि डोळे माझे होते.

मी फोन केला. "हे तीन कोण आहेत?"

"आजोबाच. दर वेळेला थोडं वेगळं करतं ते ॲप. तिसऱ्यात मी तुझा फोटो पण टाकला, म्हणजे जवळचं येईल. तुला कुठला आवडतो?"

"आवडून घ्यायचा का बाप?"

ती हळू म्हणाली, "तसं नाही गं. तुला काहीतरी असावं बघायला म्हणून."

पोरगी गुणाची आहे. आईनंही तेवढ्यासाठीच केलं होतं. मी म्हटलं, "राहू दे बेटा. जेवलीस का?" ती म्हणाली, जेवले. तीन चेहरे मी मोबाईलमधून काढून टाकले. तिसऱ्यापाशी जरा वेळ लागला.

सकाळी फोटो घेऊन खिडकीपाशी बसले. टोपी, कान, दुपट्टा, साखळीवरचा हात. बोटं लांब आहेत. एक पाय सैल. एवढे बाबा आहेत माझ्याकडे. मान वळवून ते कोणाकडे बघताहेत, ते फोटोच्या बाहेर आहे. मी हाक मारून पाहिली. "बाबा." घरात कोणी नव्हतं, तरी लाज वाटली. आवाज घोगरा आला. सवय दुसऱ्याच माणसाला बाबा म्हणायची, तोंडाला वळण नाही.

आणि हा दुसरा पलीकडे भिंतीला टेकून उभा होता, निळ्या कोटात. याला मी गणिताचे मार्क सांगितले. कॉलेजातल्या पहिल्या दिवसाचं सांगितलं. लग्न ठरलं ते आईच्या आधी याला सांगितलं. याचंही कुठेतरी घर असेल. त्याच्या लेकरांकडे त्याचा एकही फोटो नसेल कदाचित, आणि त्यांच्या बापाचा फोटो इथे वर्ध्याला, हारासकट. त्यानं तर काही केलं नव्हतं. पूजेच्या दिवशी नीट समोर बघत उभा राहिला, एवढंच.

मी पेन्सिल घेतली आणि फोटोंच्या पाठीवर नावं लिहायला बसले. सीता लिहिली, जिलबीवाला लिहिला, आत्याचे सासरे लिहिले. जिनच्या फोटोमागे लिहिलं, "महादेव, माझे वडील. काट्याच्या उजवीकडे, मान वळवलेले. हाक मारली की बघायचे." मग फ्रेमला नवा पुठ्ठा कापला. त्यावर काय लिहावं हे ठरवता ठरवता दुपार झाली. भाताचा कुकर थंड झाला.

शेवटी लिहिलं ते असं.

"हे माझे वडील नाहीत. नाव माहीत नाही, गाव छिंदवाड्याकडचं. कोट यांचा नाही. माझे सगळे निकाल यांनी पाहिले आहेत. कोणाला ओळख पटली तर घेऊन जावं. मी असेपर्यंत विचारून न्यावं."